तारीख एक, अनिश्चितता तीन

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेल्या नॉटिंगहॅम शहरात २०१३ च्या उन्हाळ्यात दोन मोठी कामे एकाच जागी चालू होती. खाली रेल्वे स्थानकातले रूळ आणि सिग्नल यंत्रणा बदलली जात होती. त्याच स्थानकाच्या डोक्यावरून ट्रामचा नवा मार्ग नेण्याचे कामही सुरू होते. रेल्वेचे काम २० जुलैला सुरू झाले आणि ३७ दिवसांत, म्हणजे जाहीर केलेल्या २५ ऑगस्टच्या तारखेला, संपले. ट्रामचा दुसरा टप्पा २०१४ च्या अखेरीस सुरू व्हायचा होता, तो २५ ऑगस्ट २०१५ ला सुरू झाला. स्थानकापासून पायी काही मिनिटांवर ब्रॉडमार्श नावाचे जुने खरेदी संकुल होते. त्याचे नूतनीकरण २०१९ मध्ये हाती घेतले गेले, पण वर्षभरातच ते पाडकामाच्या अर्ध्यावर थांबले आणि पुढे कित्येक वर्षे शहराच्या मध्यावर अर्धवट पाडलेला सांगाडा उभा राहिला. शहर एकच, कायदे तेच, अभियंतेही साधारण एकाच तोडीचे. मग एक काम दिवसाच्या हिशेबाने वेळेवर, दुसरे आठ महिने उशिरा आणि तिसरे मधेच बंद, असे का व्हावे? हुशारी, नेटकेपणा किंवा भ्रष्टाचार यांतल्या एखाद्या शब्दावर उत्तर संपवण्याचा मोह होतो. पण या तीन कामांकडे जवळून पाहिले तर वेगळेच दिसते. तिन्ही कामांपुढे अनिश्चितता होती, मात्र प्रत्येकीची जात निराळी होती. ‘अमुक तारखेला पूर्ण होईल’ या एका वाक्यात तिन्ही जाती कोंबल्या जातात, आणि नियोजन फसायला तिथूनच सुरुवात होते.

आधी तारखेच्या अंकगणिताकडे पाहू. कोणत्याही कामाला किती वेळ लागेल हा आकडा एकच नसतो. तो एक पल्ला असतो, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला नसतो. सहा आठवड्यांचे काम फार तर चार आठवड्यांत होईल, त्याहून लवकर होणे जवळजवळ अशक्य. उशीर मात्र कितीही होऊ शकतो. अमेरिकी नौदलाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही पद्धत तयार केली, ती हेच ओळखून. त्यात प्रत्येक कामासाठी तीन अंदाज विचारले जातात: सगळे सुरळीत झाले तर, साधारणपणे, आणि सगळे बिनसले तर. समजा उत्तरे चार, सहा आणि वीस आठवडे अशी आली. पर्टच्या सूत्रात मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन सहाने भागतात: चार, चोवीस आणि वीस यांची बेरीज अठ्ठेचाळीस, म्हणजे सरासरी आठ आठवडे. तेच काम करणाऱ्या माणसाला सहज विचारले तर तो ‘सहा’ म्हणेल आणि त्यात खोटे काहीच नसेल. तो सर्वांत संभाव्य आकडा सांगतो, आपण तो सरासरी म्हणून लिहून घेतो, आणि वेळापत्रक कागदावर उतरण्यापूर्वीच दोन आठवड्यांनी मागे पडलेले असते.

त्यात कामे एकमेकांवर अवलंबून असतात. एखाद्या टप्प्यावर दहा स्वतंत्र कामे एकत्र येऊन मिळायची आहेत आणि त्यांतले प्रत्येक काम वेळेवर होण्याची शक्यता नव्वद टक्के आहे असे धरू. नव्वद टक्के म्हणजे उत्तमच, असे प्रत्येक गटप्रमुखाला वाटेल. पण दहाही कामे वेळेवर होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांचा दहा वेळा गुणाकार करून मिळते, आणि ती जेमतेम पस्तीस टक्के भरते. तीन संधींपैकी दोनदा कोणीतरी एक जण उशीर करणार आणि बाकीचे नऊ जण त्याची वाट पाहत बसणार. एखाद्या कामात वाचलेला दिवस पुढच्या टप्प्यापर्यंत क्वचितच पोचतो, गमावलेला दिवस मात्र हमखास पोचतो. सर्वांत लांब साखळी शोधून तिच्यावर लक्ष ठेवणारी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत त्याच सुमारास ड्यूपाँट कंपनीत तयार झाली आणि आजही तिच्यावाचून पान हलत नाही. तिची उणीव एवढीच की ती सर्वांत लांब साखळी आधीच ओळखून मोकळी होते. प्रत्यक्षात आज दुय्यम वाटणारी एखादी साखळी उद्या सर्वांत लांब ठरू शकते. म्हणून कुणाचीही चूक नसताना प्रकल्प लांबतो, आणि मग चूक कोणाची याचा शोध सुरू होतो.

अंकगणितात माणसाच्या मनाचीही भर पडते. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की आपण आपल्या कामाचा अंदाज कामाच्या आत शिरून बांधतो: आधी हे, मग ते, मग संपले. अशीच कामे इतरांना किती काळ लागली, हे बाहेरून पाहत नाही. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर सुमारे चौतीस दिवस आले. सगळे जितके बिघडू शकते तितके बिघडले तर किती, या प्रश्नाचे उत्तर सुमारे एकोणपन्नास दिवस होते. प्रत्यक्षात लागले पंचावन्नहून अधिक. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट कल्पना करूनही माणूस वास्तवाच्या अलीकडेच थांबतो. डॅनिश अभ्यासक बेन्ट फ्लूबियर यांनी २००२ मध्ये वीस देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांचे हिशेब तपासले. दर दहांतील नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजाबाहेर गेला होता आणि रेल्वे प्रकल्पांत ही वाढ सरासरी पंचेचाळीस टक्के होती. ब्रिटिश अर्थखात्याने २००३ पासून आपल्या प्रकल्प-मूल्यमापनाच्या नियमपुस्तकात या आशावादावर उतारा म्हणून खर्च आणि मुदत दोन्ही वाढवून धरण्याची अट घातली. उपाय योग्यच आहे, पण तो सगळ्या अनिश्चिततेला एकाच मापाने मोजतो. नॉटिंगहॅमची तीन कामे हे माप का अपुरे पडते ते सांगतात.

पहिली जात सर्वांत सोपी. काय करायचे ते ठाऊक आहे, फक्त किती वेळ लागेल हे नेमके ठाऊक नाही. रेल्वे स्थानकाचे काम या जातीचे होते. सुमारे दहा कोटी पौंडांच्या त्या कामात जुने रूळ आणि सिग्नल बदलायचे होते, नवा फलाट करायचा होता आणि गाड्यांचे नियंत्रण डर्बीतल्या नव्या केंद्राकडे न्यायचे होते. रूळ कुठे आहेत, किती आहेत, सांधा जोडायला किती तास लागतात, हे रेल्वेच्या माणसांना तोंडपाठ असते. अशा कामाचे पल्ले आधीच्या अनुभवावरून काढता येतात आणि बारकाईने आखता येतात. पण रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या नेटवर्क रेल या संस्थेने केवळ बारीक आखणी केली नाही. अनिश्चितता ज्यातून शिरते ती वाट बंद केली. रेल्वेची अशी कामे एरवी रात्रीच्या काही तासांत आणि शनिवार-रविवारी तुकड्या-तुकड्यांनी केली जातात. दर रात्री यंत्रे आणायची, उद्याच्या पहिल्या गाडीपूर्वी मार्ग पूर्ववत करायचा आणि यंत्रे परत न्यायची. अशा प्रत्येक हस्तांतरात चुकीला एक नवी संधी मिळते. नॉटिंगहॅममध्ये शाळांच्या उन्हाळी सुट्टीचा काळ निवडून सलग पाच आठवडे स्थानकाची वाहतूक काही दिवस पूर्णपणे, तर उरलेले दिवस अंशतः बंद ठेवली गेली आणि हे प्रवाशांना कित्येक महिने आधी सांगितले गेले.

याचा अर्थ असा की ती ठरलेली तारीख विकत घेतली गेली होती. तिची किंमत हजारो प्रवाशांनी बसमध्ये बसून आणि दुसऱ्या स्थानकांना वळसे घालून मोजली. रात्रीच्या तुकड्यांनी काम केले असते तर रोजची गैरसोय कमी झाली असती, पण ती किती महिने चालेल हे कोणी सांगू शकले नसते. इथे नियोजकाने खरा निर्णय घेतला तो वेग आणि खात्री यांच्यात नव्हे. पसरलेला, अनिश्चित त्रास घ्यायचा की एकवटलेला, निश्चित त्रास, ही निवड होती. पहिल्या जातीच्या अनिश्चिततेत ही निवड हाताशी असते. पुरेशी जागा, पुरेसे सलग दिवस आणि शेवटी थोडा राखीव वेळ दिला की तारीख पाळता येते. म्हणून स्थानकाचे उदाहरण घेऊन ‘बघा, ठरवले तर वेळेवर होते’ असा धडा ट्रामवाल्यांना देणे चुकीचे ठरेल.

ट्रामचे काम दुसऱ्या जातीचे होते: काय करायचे हेच खोदल्याशिवाय पुरते कळत नाही. पहिला मार्ग ९ मार्च २००४ ला हकनॉलपर्यंत सुरू झाला होता आणि त्याचा बराचसा भाग रेल्वेमार्गाच्या कडेने जात होता. सुमारे ५७ कोटी पौंडांच्या दुसऱ्या टप्प्यात साडेसतरा किलोमीटरचे दोन नवे फाटे जोडायचे होते. एक क्वीन्स मेडिकल सेंटर हे रुग्णालय, विद्यापीठ आणि बीस्टनमार्गे चिलवेलला, दुसरा विल्फर्डचा जुना टोल पूल रुंद करून ट्रेंट नदीपलीकडे क्लिफ्टनला. डिसेंबर २०११ मध्ये करार झाला. बीस्टनसारख्या वस्तीच्या बाजारपेठेतून रूळ टाकायचे म्हणजे रस्त्याखालच्या पाणी, वायू, वीज, मलनिस्सारण आणि दूरध्वनीच्या वाहिन्या आधी हलवायच्या. या वाहिन्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या दशकांत टाकलेल्या असतात. नकाशात त्या जिथे दाखवल्या आहेत तिथे असतीलच असे नाही, आणि जिथे दाखवलेल्या नाहीत तिथे नसतीलच असेही नाही. नॉटिंगहॅमला तर भूगर्भाचा धडा वेगळा सांगायला नको. शहर मऊ वालुकाश्मावर वसले आहे आणि माणसांनी शतकानुशतके कोरलेल्या आठशेहून अधिक गुहा त्याच्या पोटात आहेत. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाचे मुख्यालय इथून जवळच कीवर्थला आहे, गुहांच्या नोंदी झाल्या आहेत, तरीही नवीन गुहा सापडत राहतात.

अशा ठिकाणी तीन अंदाजांचे सूत्र निरुपयोगी ठरते, कारण वाईटातल्या वाईट अंदाजाला पायाच नसतो. खड्डा उघडल्यावर कामाचा वेळ वाढतो असे नाही, कामच बदलते. आराखडा पुन्हा काढावा लागतो, दुसऱ्या कंपनीची परवानगी लागते, रस्ता आणखी काही आठवडे बंद राहतो. त्या काळात दुकानांसमोर कुंपण असते. नॉटिंगहॅमच्या ट्राममार्गावरील व्यावसायिकांसाठी आर्थिक साहाय्याची योजना करावी लागली, ती याचमुळे. याच जातीच्या अनिश्चिततेने स्कॉटलंडची राजधानी एडिंबराला फार मोठा फटका दिला. तिथली ट्राम २०११ मध्ये धावायची होती, ती ३१ मे २०१४ ला धावली. खर्च ७७ कोटी पौंडांच्या पुढे गेला आणि मार्ग समुद्रकिनाऱ्यापर्यंत न जाता यॉर्क प्लेसलाच तोडावा लागला. लॉर्ड हार्डी यांच्या चौकशीचा अहवाल २०२३ मध्ये आला. वाहिन्या हलवण्याचे काम आणि आराखडे पूर्ण होण्याआधीच रूळ टाकण्याचा करार करणे हे तिथल्या घोळाचे एक मूळ होते. विशेष म्हणजे फ्लूबियर यांची ‘बाहेरून पाहण्याची’ पद्धत २००४ मध्ये एडिंबराच्याच ट्राम प्रस्तावावर वापरून पाहिली गेली होती. दुसऱ्या जातीच्या अनिश्चिततेला राखीव टक्केवारी पुरत नाही, हे यातून दिसते. तिच्यावर एकच उपाय आहे: मोठी तारीख जाहीर करण्याआधी पैसे खर्चून बघणे. आधी खड्डे, आधी वाहिन्या, आधी चाचण्या, आणि मग करार.

मराठी वाचकाला हे उमजायला ट्रेंट नदीपर्यंत जाण्याची गरज नाही. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत बांधायचे ठरले. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी कार्यालयांत उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळे लावली होती. ज्या कामांत वेळ माणसांच्या हाती होता तिथे या घड्याळांचा उपयोग झाला. सह्याद्रीचा कठीण खडक अपेक्षेप्रमाणे फोडला गेला. पण नऊ बोगदे मऊ, पाणी धरणाऱ्या मातीत निघाले. तिथे आदल्या दिवशी खणलेले दुसऱ्या दिवशी ढासळायचे, आणि त्या मातीला घड्याळ वाचता येत नव्हते. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा सर्वांत शेवटी हाती लागला आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. तरीही या प्रकल्पाला कोणी फसलेला म्हणत नाही. त्याचे एक कारण असे की १९९३ पासूनच दोन्ही टोकांकडचे तयार तुकडे वाहतुकीला खुले होत गेले होते. पेडण्याची माती रुसली म्हणून वीर किंवा उडुपीची गाडी अडली नाही.

तिसरी जात सर्वांत कठीण, कारण ती कामाच्या आत नसतेच. ब्रॉडमार्शचे नूतनीकरण करणारी इंटू ही कंपनी खरेदी संकुले चालवणारी, या व्यवसायातली मोठी कंपनी होती. भिंती पाडायला किती आठवडे लागतील हे तिला ठाऊक होते. जमिनीखाली काय आहे हेही बऱ्यापैकी माहीत होते. आधीच कर्जाच्या ओझ्याने वाकलेल्या कंपनीला मार्च २०२० च्या टाळेबंदीने गाठले, काम थांबले आणि २६ जून २०२० ला ती प्रशासकांच्या हाती गेली. अर्धवट इमारत जमिनीची मालक असलेल्या सिटी कौन्सिलकडे परत आली. शेजारीच कौन्सिलने नवे मध्यवर्ती ग्रंथालय उभारले होते. ते २८ नोव्हेंबर २०२३ ला उघडले. दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, अंदाजपत्रक जुळवता येत नसल्याची कायदेशीर नोटीस त्याच कौन्सिलने काढली. या जातीची अनिश्चितता कोणत्याही कामाच्या पट्टीवर दाखवता येत नाही. पैसे देणारा टिकेल का, सरकार बदलेल का, लोक संकुलात जाऊन खरेदी करतील का, हे प्रश्न अभियंत्याचे नाहीत. पण उत्तर चुकले तर उघडा पडतो तो अभियंत्याचाच सांगाडा.

या तिसऱ्या जातीवर राखीव वेळ चालत नाही, आधी खोदून बघणेही चालत नाही. चालते ते एवढेच: प्रकल्प असा तोडायचा की कुठेही थांबावे लागले तरी तोवर झालेले काम आपल्यापुरते उपयोगी ठरेल. नॉटिंगहॅमच्याच ट्रामने हे दाखवले आहे. चिलवेल फाट्याचे शेवटचे स्थानक टोटन लेन. त्याच्या जवळ ‘एचएस-टू’ या अतिवेगवान रेल्वेचे मोठे स्थानक होणार असे जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने तो पूर्वेकडचा मार्गच रद्द केला. ट्रामचे गणित त्या स्थानकावर उभे असते तर ती आज कुठेही न जाणारी ट्राम ठरली असती. पण तिची उपयुक्तता रुग्णालय, विद्यापीठ, बीस्टनचा बाजार आणि मोटार ठेवून ट्रामने शहरात जाण्याची सोय यांवर बेतलेली होती, म्हणून ती चालू राहिली. तिचा पैसाही एकाच हातावर अवलंबून नव्हता. एप्रिल २०१२ पासून नॉटिंगहॅमने अकरा किंवा अधिक मोटारींची जागा देणाऱ्या मालकांवर प्रत्येक जागेमागे वार्षिक कर बसवला, पहिल्या वर्षी २८८ पौंड. ब्रिटनमध्ये असा कर दुसऱ्या कोणत्याही शहरात नव्हता. त्याचे उत्पन्न दरवर्षी येत राहते. एखाद्या कंपनीच्या ताळेबंदासारखे ते एका जूनमध्ये नाहीसे होत नाही.

या मांडणीवर पहिला आक्षेप अनुभवी माणसांचा असतो: राखीव वेळ दिला की तो खाल्ला जातो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवले की हाताशी जितका वेळ असेल तितके काम पसरते. आक्षेप खरा आहे, पण तो राखीव वेळ ठेवण्याविरुद्ध नसून तो कुठे ठेवला याविरुद्ध आहे. प्रत्येक गटाने आपापल्या कामात गुपचूप चार दिवस लपवले तर ते दिवस नक्कीच उडतात, कारण त्यांचा हिशेब कुणालाच मागता येत नाही. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये ‘क्रिटिकल चेन’ या पुस्तकात सुचवले की हे लपवलेले दिवस प्रत्येकाकडून काढून घ्यावेत आणि प्रकल्पाच्या शेवटी एकत्र, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवावेत. दहांपैकी एकालाच अडचण येणार असेल तर दहा जणांना स्वतंत्र शिदोरी बांधून देण्यापेक्षा एक सामायिक शिधा ठेवणे कमी खर्चाचे पडते. शिवाय त्यातून काढलेला प्रत्येक दिवस कोणी आणि का काढला हे दिसते. राखीव वेळ किती शिल्लक आहे, हा आकडा मग ‘काम साठ टक्के झाले’ या नेहमीच्या वाक्यापेक्षा जास्त बोलतो.

दुसरा आक्षेप राजकारणाचा: लोकांना एक तारीख हवी असते, शक्यतांचा पल्ला सांगणारा मंत्री किंवा महापौर भित्रा ठरतो. पण लोक पल्ले समजू शकत नाहीत हा समज त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. पावसाचा अंदाज टक्क्यांत ऐकून छत्री घ्यायची की नाही हे ते रोज ठरवतात. अडचण बक्षिसांच्या व्यवस्थेत आहे. छोटी तारीख आणि छोटा खर्च सांगणाऱ्याचा प्रस्ताव मंजूर होतो. खरा पल्ला सांगणारा रांगेत मागे पडतो. म्हणून प्रामाणिकपणाचा उपदेश करून भागत नाही. दोन आकडे जाहीर करण्याची सवय लावता येते: ज्या तारखेपर्यंत संपण्याची शक्यता निम्मी आहे ती काम करणाऱ्यांसाठी, आणि ज्या तारखेपर्यंत दहांत आठ वेळा संपेल ती जनतेसाठी. दुकानदाराने आपला माल दुसऱ्या तारखेवर मागवावा, मुकादमाने पहिल्या तारखेवर नजर ठेवावी.

तिसरा आक्षेप सर्वांत आकर्षक आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये म्हटले की अडचणी आधी कळत नाहीत हेच बरे. कळल्या असत्या तर माणसाने मोठे काही हातीच घेतले नसते, आणि अडचणीत सापडल्यावर त्याची कल्पकताही जागी होते. सिडनीचे ऑपेरा हाउस १९६३ मध्ये पूर्ण व्हायचे होते, ते १९७३ मध्ये झाले, खर्च चौदापट झाला आणि आज ते नसते तर जगाचे नुकसान झाले असते असे कुणीही म्हणेल. पण आपण ऑपेरा हाउस आठवतो कारण ते उभे राहिले. जे रखडले ते आठवणीत राहत नाही. फ्लूबियर आणि कॅस सन्स्टीन यांनी २०१६ मध्ये दोन हजारांहून अधिक प्रकल्पांचे आकडे या कल्पनेवर तपासले, तेव्हा अज्ञान फायद्याचे ठरलेले प्रकल्प कमी आणि तोट्याचे ठरलेले बरेच जास्त निघाले. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांच्या अंदाजावर मान्यता मिळाली. पुढे सुधारित अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला आणि दरम्यान शेतकऱ्यांच्या पिढ्या पाण्याची वाट पाहत राहिल्या. ‘सुरू तर करू, मग होईल’ या धोरणाची किंमत सुरू करणारा सहसा मोजत नाही.

उरतो संगणकाचा भरवसा. नॉटिंगहॅम विद्यापीठात वेळापत्रके आपोआप बनवण्यावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. परीक्षांच्या खोल्या आणि तारखा, क्वीन्स मेडिकल सेंटरमधील परिचारिकांच्या पाळ्या यांसारखे प्रश्न तिथल्या संशोधकांनी सोडवायला घेतले. अशा प्रश्नात शक्यतांची संख्या इतकी अफाट असते की सगळ्या तपासणे वेगवान यंत्रालाही जमत नाही. म्हणून चांगले उत्तर लवकर शोधण्याच्या युक्त्या घडवाव्या लागतात. पण पाळ्यांचे सर्वांत काटेकोर वेळापत्रक पहिल्या आजारपणाच्या फोनबरोबर मोडते, आणि जितके ते घट्ट बसवलेले असेल तितके मोडल्यावर दूरवर विस्कटते. म्हणून एक परिचारिका गैरहजर राहिली तर किती जणींच्या पाळ्या हलवाव्या लागतील, हाही वेळापत्रकाच्या गुणवत्तेचा निकष मानावा लागतो. यंत्र पहिल्या जातीची अनिश्चितता फार चांगली हाताळते. दुसऱ्या जातीची माहिती खोदल्याशिवाय त्याला मिळत नाही, आणि तिसरीचा निर्णय त्याच्याकडे नसतोच.

म्हणून पुण्यात मेट्रोचा नवा फाटा असो, गावाकडचा कालवा असो की नॉटिंगहॅममधल्या ब्रॉडमार्शचे उरलेले काम, जाहीर झालेली तारीख ऐकून ‘नक्की ना?’ असे विचारण्यात अर्थ नाही. त्याचे उत्तर नेहमी ‘नक्की’ असेच येते. विचारायचे तीन प्रश्न वेगळे आहेत. यातली कोणती कामे पूर्वी अनेकदा झालेली आहेत आणि तेव्हा त्यांना प्रत्यक्षात किती वेळ लागला? जमिनीत, कागदपत्रांत किंवा परवानग्यांत अजून न पाहिलेले काय आहे, आणि ते पाहण्यासाठी करारापूर्वी किती खर्च केला? आणि उद्या पैसे किंवा सत्ता बदलली आणि काम इथेच थांबले, तर झालेल्या कामाचा कुणाला काय उपयोग? पहिल्याला आकड्यांनी, दुसऱ्याला खड्ड्यांनी आणि तिसऱ्याला आराखड्याने उत्तर देता येत असेल, तर तारीख थोडी पुढे गेली तरी तो प्रकल्प विश्वास ठेवण्याजोगा आहे. उत्तर देता येत नसेल, तर ती तारीख किती जवळची आहे याने काहीच फरक पडत नाही. तिच्या उशिराचा भार कोण उचलणार हे तेवढे आधी लिहून घ्यावे.